गाळलेला वारा

“वारा सुटला गं, सुपं उचला!” खळ्यावरून आई अशी हाक मारायची. कौतिकच्या कानात ती अजून होती. आता मोकळ्या वाऱ्यात बुरशी होती. घरीदारी, झोपेतसुद्धा मास्क उतरवता येत नसे. कौतिक कामाला होती त्या प्रयोगशाळेत केळीची रोपंही गाळलेला वारा सोडणाऱ्या कपाटापुढेच हाताळावी लागत.

कामाची पाळी संपली, रोपांच्या बरण्या बाजूला ठेवल्या की बाया आपापल्या पोरांना त्या कपाटापुढे घेऊन बसत. तेवढ्यापुरते मास्क उतरत. कौतिकचे खांदे भरून आले होते, तरी तिने रेवाला मांडीवर घेतलं.

“आई, तुझ्या हनुवटीला खळी आहे!”

“कालही होती की, येडे.”

“काल ती अशी थरथरत नव्हती.”

कपाटाची गाळणी चोंदत आली होती आणि नवी कुठेच मिळणार नव्हती, हे कौतिकला सकाळीच कळलं होतं. घरी गेल्यावर सांगू, असं ती दिवसभर मनाला समजावत होती.

“उद्या इथंच माझी वेणी घाल,” रेवा म्हणाली.

“रेवा, उद्यापासून हा वारा नाही गं. आज मला नीट बघून घे. मलाही बघू दे तुला.”