वाऱ्याचा बोगदा

बोगदा हा शब्द पदूनं काढायलाच नको होता. पण निघाला तोंडून, आणि जाळ फुंकणाऱ्या धोंडूबाईनं फुंकणी बाजूला ठेवली.

"कंच्या बोगद्यात?"

"वाऱ्याच्या. बंगळुरात. तिथं विमानं तपासतात गं आये."

"एक मानूस घाटातल्या बोगद्याला दिला. दुसरा नाय देनार. खोपोलीतलं कारखानं काय ओस पडलं?"

झालं! लेकाची नोकरी पक्की, उद्या कर्जतहून गाडी धरायची, आणि आई चुलीशी ठाण मांडून बसलेली. नवरा रूळ दुरुस्त करायला बोगद्यात गेला तो परत आलाच नाही. अशा बाईला इंजिनीयरिंग काय कपाळ समजावणार? आणि ती नाही म्हणाली तर पदूचा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नव्हता.

त्यानं परसातल्या शिंदीची पात तोडून आणली. दोन भिंगऱ्या वळल्या आणि एका काडीच्या दोन टोकांना खोचल्या. बा अगदी अशाच वळायचा. पळसदरीच्या स्टेशनावरून घरी येताना एखादी त्याच्या टोपीत असायचीच. धोंडूबाई बघत राहिली. किती वर्षांत या घरात भिंगरी फिरली नव्हती.

"हे इमान. पुढं जाताना पंखे असे समोर. उतरताना असे आभाळाकडं. आता फुंक खालनं."

तिनं फुंकणी तोंडाला लावली. भिंगऱ्या भिरभिरल्या, मग एक अडली आणि काडी कलंडली.

"पडलं की रं!"

"उतरतानाच घोळ होतो. तोच त्या बोगद्यात शोधायचा हाय. इमान जागेवर बांधलेलं, वारा तेवढा पळतो."

"आपला घाट तरी काय येगळा? चढताना इंजिन दमतं, पन धाकधूक उतरतानाच." धोंडूबाई हसली. हा धूर, हे हसणं बंगळुरात कुठनं आणायचं? पदू कलंडलेली काडी सरळ करत बसला.

मग ती मुद्द्यावर आली. "वारा सुटला का मानसं कुठं असतात?"

"बाहेर. काचेतनं बघतात."

"आत कुनीच नाय?"

"कुनीच नाय."

तिनं जळतं लाकूड चुलीत आत सारलं.

"मग जा," ती म्हणाली. "तुझ्या बालाबी कुनी बाहेर उभं केलं असतं, तर बरं झालं असतं रं."