पांगाऱ्यावरच्या भोरड्या

“दुर्बीण उलटी धरलीय तुम्ही.”

राजाराम दचकला. मागे पन्नाशीला टेकलेली एक बाई उभी होती. सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. त्याने घाईघाईने आपली दुर्बीण सुलटी केली. ती शेजारच्या नानांची. नाना ती क्रिकेटच्या मॅचला नेत.

“पहिल्यांदाच आलात?”

“हो. पक्षी बघायला.”

पक्ष्यांशी राजारामचं काही देणंघेणं नव्हतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तो आला होता मुलीवर नजर ठेवायला. होळीच्या आधीपासून सुलक्षणा दर रविवारी उजाडायच्या सुमाराला घराबाहेर पडायची. पक्षी बघायला जाते म्हणायची, आणि परतायची ती गालातल्या गालात हसत. तिची आई गेल्यापासून घरात ही दोघंच. गिरणी बंद झाली, मरोळच्या कारखान्यात नोकरी लागली, सगळं त्याने निभावलं. पण पोरीला समोर बसवून “कोण आहे तो?” एवढं विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती. त्यात काल शकुवहिनींनी जिन्यात गाठलं. “तुमची सुलु पार्कात दिसली हो. दाढीवाला होता कोणीतरी बरोबर.”

आत्ताही तो दाढीवाला होताच. ओढ्याच्या पलीकडे पक्षी बघणाऱ्यांचा घोळका उभा होता, त्यात सुलक्षणा, आणि तिला खेटून तो, खांद्याला कॅमेरा. तो काहीतरी पुटपुटला. ती खळखळून हसली.

“तिकडे नुसती माणसं आहेत,” बाई म्हणाली. “इकडे वर बघा, पांगाऱ्यावर.”

नाइलाजाने त्याने दुर्बीण वर केली. झाडाला पान नव्हतं, नुसती लालभडक फुलं. त्यांत पाखरांची झुंबड उडाली होती. पाठ गुलाबी, डोकं आणि पंख काळेकुळकुळीत. एकमेकांना ढकलत, भांडत फुलांत चोची खुपसत होती.

“आयला!” त्याच्या तोंडून निघालं. “साळुंक्यांनी होळी खेळली की काय?”

बाई मनापासून हसली. “साळुंकीचीच भावंडं. भोरड्या म्हणतात. थंडीत येतात, आता परत निघाल्यात. पार रशियाच्या बाजूला.”

“उडत?”

“मग काय, एस्टीने?”

राजारामला हसू आलं. त्याने पुन्हा दुर्बीण लावली. एवढासा जीव, आणि रशिया! “निघायचं कधी ते कोण सांगतं त्यांना?”

“तेच तर कोडं आहे. एका सकाळी येऊन बघावं तर झाड रिकामं.”

लग्न होऊन सुलक्षणा गेली की आपली खोली तशीच होणार, हे त्याने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

बाईने दगडावर बसून पिशवीतून डबा काढला. “घ्या, पोहे आहेत. ओलं खोबरं घातलंय. कोकणातल्या माणसाला त्याशिवाय गोड लागत नाही.”

“मी कोकणातला हे कसं कळलं तुम्हाला?”

“कळतं बोलण्यावरून.”

पोहे झकास होते. खाता खाता तिने इकडचं तिकडचं विचारलं. संध्याकाळी घरी कधी येता, स्वयंपाक कोण करतं, रागावता का फार. स्वतःबद्दलही सांगितलं. नाव मालन, म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नर्स, सांताक्रूझला एकटीच राहते. मग पानांत फुदकणारा एक वटवट्या तिने दाखवला. तो काही केल्या राजारामच्या दुर्बिणीत सापडेना. अखेर सापडला तेव्हा तो ओरडलाच, “दिसला, दिसला!”

ओढ्यापलीकडून सुलक्षणाने वळून पाहिलं. राजाराम झटकन झाडाआड झाला. इतका वेळ आपण पोरीला साफ विसरलो होतो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “बाई, खरं सांगतो. ती निळ्या ड्रेसमधली माझी मुलगी. तिच्यासाठी आलोय मी. तो दाढीवाला कसा आहे हो?”

“चंद्रप्रकाश? सोन्यासारखा मुलगा.”

“घरी कोण कोण आहे त्याच्या?”

“ती टोपी घातलेली दिसते ना, ती त्याची बायको. पोटुशी आहे.”

राजारामने दुर्बीण लावून टोपीवालीला नीट पाहून घेतलं. मग दुर्बीण खाली आली. जीव भांड्यात पडला, पण डोकं आणखीच चक्रावलं.

“मग माझी सुलु दर रविवारी इथे भेटते तरी कोणाला?”

मालनने डब्याचं झाकण लावलं. सकाळपासून धीटपणे बोलणारी ती बाई पहिल्यांदाच खाली बघत होती.

“मला,” ती म्हणाली. “इतके रविवार ती तुमच्यासाठी मला बघत होती. आज तुम्ही मागोमाग येताना दिसलात तेव्हा म्हणाली, आता बाबांचं बाबांनाच बघू दे.”