डावा हात

वडीगोद्रीहून शहागडच्या पुलापर्यंत कॉलेजच्या मुलींची निवडीची शर्यत होती आणि सायकल टीममध्ये जागा एकच उरली होती. पुढं अक्षता होती, तिच्या मागच्या चाकाला चिकटून पायल आणि पायलच्या मागं बाकीच्या सगळ्या, वाऱ्यापासून वाचायला मान खाली घालून. मागचीला पुढचा रस्ता दिसत नाही. खड्डा आला की पुढचीनं त्या बाजूचा हात खाली करून दाखवायचा. "पुढचीचा हात म्हंजे मागचीचे डोळे," असं सर रोज बजावायचे. मागच्या आठवड्यात सरावाला तो हात खाली आलाच नव्हता आणि ट्रॉलीतून सांडलेल्या उसावर पायल आपटली होती. "दिसलाच न्हाई गं मला," अक्षता म्हणाली होती. पायलच्या कोपरावरची खपली अजून ओली होती. पूल दिसायला लागला आणि अक्षताचा डावा हात खाली आला. 'खरंच काही पडलंय, का मला वाऱ्यात ढकलून राह्यली ही?' पायलनं दात आवळून सायकल उजवीकडं घेतली. शेजारी अक्षताच्या चाकाखाली उसाचं कांडं कडाडलं. स्वतःला सावरायला जेवढा वेळ होता, तेवढा अक्षतानं हात दाखवण्यात घालवला होता; ती सायकलीसकट आडवी झाली. आता सगळ्यात पुढं पायल होती. शेवटच्या जोरासाठी दोन्ही हात हँडलवर हवे होते. तिनं डावा हात सोडला, खाली नेला आणि मागची शेवटची सायकल वळेपर्यंत तो तसाच ठेवला.