दिवसातून एकदाच

"अण्णा, वकील दिवसातून किती वेळा खोटं बोलतो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारून दाखवलंस तर महिनाभर तुझं दप्तर मी वाहीन, असं सुगन म्हणाली होती. वर्गात उर्दूत पहिली आल्यापासून दुर्गाला कुणाचीच भीती उरली नव्हती.

बद्रीनाथ वकिलांनी तक्क्याला टेकून डोळे मिटले. "एकदाच," ते थकून म्हणाले. "अन् रोज तेच."

दुर्गाला हे उत्तर फारच आवडलं. उद्या शाळेत सांगायला झकास होतं.

मस्तगडातल्या त्या बैठकीत वकील तीस वर्षं जमिनीचे अन् बँकेचे कागद करत आले होते. कागद सगळे उर्दूत. वकिलांनी वाचून मराठीत सांगितलं की माणसं डोळे झाकून अंगठा द्यायची. रोज सकाळी कडूबा कारकून एकेक कागद वाचायचा, वकील पडल्या पडल्या ऐकायचे. आज कडूबा भाच्याच्या लग्नाला केदारखेड्याला गेल्ता. आजचं काम राहू द्या, असं आईनं दोनदा सुचवून पाहिलं होतं. पण रानाचा कागद करून घ्यायला आलेल्या काकासाहेबांना जल्दी होती.

दारात खोकला ऐकू आला.

"या साळूबाई," वकील म्हणाले. "न्हाई का गेला अजून खोकला?"

धावड्याची साळूबाई हरखली. मोठी माणसं गरिबाला अशी कुठं ध्यानात ठेवतात, असं काहीसं पुटपुटत ती सतरंजीच्या कडेला बसली.

नवऱ्यामागं तिला एवढं एकच रान होतं. पाच वर्षं ते काकासाहेबांनी पट्ट्यानं कसायचं, मग परत द्यायचं, असं वकिलांसमोर तोंडी ठरलं होतं. कागद काकासाहेबांनीच लिहून आणला होता. वकिलांनी तो पुढ्यातल्या मेजावर पसरला आणि बोट फिरवत सांगितला. रान साळूबाईचं, मुदत पाच वर्षं, मंग ताबा परत. कुठंही अडखळले नाहीत.

काकासाहेबांनी एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा वकिलांकडं. "बिलकुल बराबर," ते म्हणाले.

साळूबाईच्या अंगठ्याला शाई लागली. दुर्गा चहाचं ताट घेऊन मेजासमोर उभी होती. तिनं पहिली ओळ वाचली, आणि अख्खं ताट कागदावर कलंडलं.

काकासाहेब उठून उभे राहिले. पोरीला लाडावून ठेवलंय, असं बरंच बोलले.

"काय सांडलं?" वकिलांनी विचारलं.

शाई पार फिसकटली होती. नवा स्टांप घेऊन परवा यायचं ठरलं. साळूबाई पदराला अंगठा पुसत गेली.

सगळे गेल्यावर आईनं वकिलांच्या हातात चहाचा कप दिला आणि त्यांची बोटं कपाभोवती मिटवली.

"मुद्दाम सांडलास?" ते हळूच म्हणाले.

दुर्गानं आधी आईकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली.

"उद्यापासून शाळा सुटली की कागद मी वाचणार," दुर्गानं दोघांना सांगितलं. "त्यात पट्टा न्हवता. रान कायमचं विकल्याचा बैनामा होता. मी तुमच्या समोर उभी होते, अण्णा, अन् मला तो सुलटा दिसत होता."