देवीचा दहीभात
लघवीच्या इन्फेक्शनवर अँटिबायोटिक चालू असतानाच सुनेच्या अंगावर चट्टे उठले आणि निपाणीहून आलेल्या सासूने हेब्बाळच्या फ्लॅटच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. “देवी आल्यात. आता औषध बंद, नुसता दहीभात.” कोर्स अर्धवट सोडायचा नसतो, हे तिच्या मुलाला, योगीराजला, पक्कं ठाऊक होतं. आईशी वाद नको म्हणून तो बायकोची गोळी चुरून तिच्या दहीभातात कालवू लागला. ओठ सोलवटले, पाठीची कातडी चादरीला चिकटून निघू लागली, तेव्हा हॉस्पिटलमध्ये हलवलं. “गोळीचीच रिअ‍ॅक्शन आहे,” डॉक्टर कानडीत म्हणाल्या. “चट्टे दिसल्यावर गोळ्या थांबवल्या ना?” “त्याच दिवशी,” सासू म्हणाली. “बरोबर केलंत. मग एवढं वाढलं कसं?” “आई, दहीभात कडू का लागायचा?” सुनेने विचारलं. “तापाने तोंड कडू होतं गं.” सून सुजलेल्या पापण्यांआडून नवऱ्याकडे बघत होती.