न्हाणीघरातली मोटर

१९८३ साली त्र्यंबकरावांनी न्हाणीघरात घरच्या बिअरसाठी यंत्र उभारलं. भांडं तापलं की मोटर आपोआप आतला सातू ढवळायची.

लेकीला, माणिकला, बघायला पाहुणे आले तेव्हा वीज गेली होती, म्हणून बटण बंद करायचं राहूनच गेलं. "त्यांना सुपारीसुद्धा चालत नाही," मध्यस्थ बजावून गेला होता. माणिकची आई सुधाताई पोहे देत असतानाच वीज आली आणि आत घरघर सुरू झाली.

"अहो, बंद करा ते," त्या पुटपुटल्या. पण मुलाचे वडील आधीच उठून आत गेले होते. हे स्थळ गेलं, सुधाताईंना वाटलं.

"पळी उलटी फिरतेय, पक्कड आणा," आतून आवाज आला. "आणि तयार झाली की निरोप धाडा."

लग्न झालं. दोघे व्याही त्या यंत्रापाशीच म्हातारे झाले, गेले. माणिक आजी झाली. त्या मोटरवर सुधाताई आता ताक घुसळतात. ती घरघरली की त्यांची नजर अजून बैठकीकडे जाते.