दगडातला पोलीस पाटील

टाकीत मासा नव्हता. सुग्रीवने बादल्यांत पाहिलं, मोरीच्या जाळीवर पाहिलं, आडवं पडून कपाटाखालीही पाहिलं. बोटाएवढा जीव तो, पण त्याच्यापायी सुग्रीवची नोकरी जाणार होती.

गेवराईकडच्या त्या दूध संघात सुग्रीव शिपाई होता. अध्यक्ष आबासाहेबांच्या नातीने मुंबईहून हा ब्लेनी आणून आजोबांच्या केबिनमध्ये ठेवला होता. समुद्रातल्या प्रवाळात राहणारा मासा. जाड ओठ, डोक्यावर डोळे आणि डोळ्यांवर केसांसारखे दोन झुबके. दगडाच्या भोकातून तेवढं तोंड बाहेर काढायचा आणि केबिनमध्ये कोण आलं, कोण गेलं ते बघत बसायचा. म्हणून सगळा संघ त्याला पोलीस पाटील म्हणायचा. दुष्काळाने दूध आटलं, निम्मे कॅन पालथे पडले, तरी पाटलाचं मीठ घातलेलं पाणी चुकलं नाही. बाहेर टँकरपाशी बायका त्याच्या नावाने बोटं मोडायच्या, "माणसाला टँकर, अन् माशालाबी टँकर!"

आज नात येणार होती. आबासाहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "टाकी लख्ख पूस. अन् माशाला काही झालं, तर सरळ कोयता उचल अन् ऊस तोडायला जा." हसत म्हणाले होते, पण आबासाहेब हसत हसतच माणसं काढायचे. सुग्रीवने टाकीतला दगड काढून गोणपाटावर ठेवला, निम्मं पाणी बादल्यांत उपसलं, काचा पुसल्या. मग बघतो तर पाटील गायब.

त्याने घरी बायकोला, सिंधुबाईला, फोन लावला होता. ऊसतोडीची गाडी दुपारी गावातून निघणार होती. "मुकादमाला थांबव. आपलीबी जोडी येती म्हनाव."

आता सिंधुबाई दारात उभी होती. धापा टाकत, हातात घराला लावायला वाटेत घेतलेलं नवंकोरं कुलूप.

"खरंच न्हाई?"

"न्हाई. कुटं जिरला कोन जाने. साहेबाचं तोंड बगायच्या आदी निगू."

सिंधुबाईने केबिनभर नजर फिरवली. बादल्या, फडकी, फरशीवर ओघळ. "जायाचं तर जाऊ. पर असा पसारा टाकून कावून जायाचं? लोकं नावं ठिवतेत. आवरा आदी."

सुग्रीवने पाणी परत टाकीत ओतलं. दगड उचलून आत सोडला. भोकांतून बुडबुडे आले. तो गोणपाट गुंडाळायला वाकला.

"अहो," सिंधुबाई काचेला नाक लावून म्हणाली, "मंग ह्यो कोन?"

दगडाच्या भोकातून आधी जाड ओठ आले, मग डोळे, मग ते दोन झुबके. दगड पाण्याबाहेर गेला तरी पाटील आपल्या बिळात ठाण मांडून बसला होता. आता दोघांकडे टकामका बघत होता.

सुग्रीव मटकन खुर्चीत बसला, तीही आबासाहेबांच्या. जीव भांड्यात पडला होता. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

"पानी गेलं, तरी दार सोडून हालला न्हाई बगा," सिंधुबाई म्हणाली.

बाहेर आबासाहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. सुग्रीव ताडकन उठला, खुर्ची फडक्याने पुसली. सिंधुबाई मात्र तिथेच उभी राहून हातातलं कुलूप उलटंपालटं करत होती.

"अहो, ह्ये दुकानदार वापस घेईल का?"